पोरीलाही विचारा

खर्रा खाणारा पोरगा ओळखायला डॉक्टर लागत नाही. एक गाल फुगलेला, बोलताना हनुवटी वर, खिशात रबर लावलेली पन्नी आणि थोड्या थोड्या वेळाने भिंतीच्या कोपऱ्याकडे फेरी. यवतमाळ जिल्ह्यात हा पोरगा आपण रोज पाहतो. पुसदच्या बसस्थानकावर, वणीत कोळशाचे ट्रक थांबतात तिथे, राळेगावात जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्या लागतात तिथे, आणि गावोगावी शाळेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पानठेल्यावर. पाहून आपण काय करतो? फार तर त्याच्या बापाच्या कानावर घालतो. बापाच्या गालातही बहुधा तेच असतं. तो म्हणतो, "पोट्टं हाय, मोठं झालं की सोडून देईन." विषय तिथेच मिटतो.

आज मला त्याच्या बहिणीबद्दल बोलायचं आहे.

ती पानठेल्यावर उभी राहत नाही. राहिली तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, हे तिला ठाऊक असतं. ती चारचौघांत थुंकत नाही. म्हणून आपण धरून चालतो की पोरी काही खात नाहीत, व्यसन हा पोरांचा विषय आहे. शाळेत व्यसनमुक्तीचं भाषण असलं की पाहुणे मुलांच्या रांगेकडे बघून बोलतात. भिंतीवरच्या चित्रात पोरगा असतो. व्यसनमुक्ती केंद्रातल्या खाटाही बहुतेक पुरुषांसाठीच असतात. या समजुतीपायी आपण पोरींकडे पाहिलंच नाही. आणि पोरांकडे पाहिलं, पण "चालायचंच" म्हणून सोडून दिलं.

थोडे आकडे सांगतो, कारण ते आपली समजूत सरळ खोटी पाडतात. २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांची तंबाखू पाहणी झाली. तीत ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या. म्हणजे तीन पुरुषांमागे एक बाई. आपल्या महाराष्ट्रात पुरुष ३५.५ टक्के आणि बायका १७ टक्के, म्हणजे दोनामागे एक. आता २०१९ मध्ये शाळेत जाणाऱ्या १३ ते १५ वर्षांच्या पोरापोरींची देशभर पाहणी झाली, तिचे आकडे बघा. मुलगे ९.६ टक्के, मुली ७.४ टक्के. प्रौढांत जे अंतर तिप्पट आहे, ते या वयात जवळजवळ बुजलं आहे. आणि ही फक्त शाळेच्या बाकावर बसलेली लेकरं. सहावी-सातवीतच शाळा सुटून कापूस वेचणीला जाणारी पोर या मोजणीत आलेलीच नाही. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली, ती आईबापांनी दोनदा वाचावी. खायची तंबाखू ज्यांनी चाखली होती, त्यांतल्या निम्म्या लेकरांनी ती वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत चाखली होती. दहा वर्षं म्हणजे चौथी-पाचवीचं वय.

दारूचं चित्र वेगळं आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या अहवालात १० ते ७५ या वयोगटातले २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के बायका दारू पिताना आढळल्या, म्हणजे सतरा पुरुषांमागे एक बाई. पण त्याच अहवालात हुंगायच्या नशेचा, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर यांचा आकडा उलटा निघाला. मोठ्यांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या लेकरांत १.१७ टक्के. मोठ्यांपेक्षा लेकरांत जास्त पसरलेली नशा ही एवढीच. ती हार्डवेअरच्या आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळते, त्यासाठी कुठल्या अड्ड्यावर जावं लागत नाही.

मग पोरीला तंबाखू मिळते कुठून? बहुतेक वेळा घरातूनच. चुलीजवळच्या देवळीत मिश्रीची डबी असते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची, हे आजी करते, आई करते. कुठे नस घासतात, कुठे गुडाखू. पोरीची दाढ ठणकली की आजीच म्हणते, "लाव थोडीशी, उतरते कळ." कळ उतरते हे खरं, कारण तंबाखूने जागा बधिर झाल्यासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली जाते. आठवड्याने दाढ थांबते, डबी थांबत नाही.

दुसरं ठिकाण वावर. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर, त्यामुळे जेवढा वेळ हात चालेल तेवढे पैसे. दवात भिजलेल्या ओळीत सकाळी शिरायचं, कमरेला ओटी बांधायची आणि दुपारी भाकर सोडेपर्यंत वाकून राहायचं. पोटात भूक उठते, पाठ धरते. शेजारच्या ओळीतली काकू बटव्यातून चिमूट काढून देते. "धर, भूक मरते." आईसोबत शनिवारी-रविवारी वेचायला गेलेली तेरा-चौदा वर्षांची पोर ती चिमूट धरते, आणि तिथे कुणालाच काही वाईट वाटत नाही. त्या काकूचा हेतूही वाईट नसतो. तिलाही तिच्या लहानपणी अशीच कुणीतरी दिलेली असते.

तिसरं ठिकाण किराण्याचं दुकान. गोड सुपारीची पुडी. पोरगी खर्रा मागणार नाही, पण गोड सुपारी मागायला तिला लाज वाटत नाही, आणि द्यायला दुकानदारालाही नाही. "त्यात कुठे तंबाखू आहे?" असं आईसुद्धा म्हणते. तंबाखू नसली तरी सुपारी आहे ना. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा-पानमसाल्यावर आणि पुढच्या वर्षापासून सुगंधी तंबाखू-सुपारीवरही बंदी आहे. पुडी तरीही लटकते, हे मी सांगायला नको.

पोरगा आणि पोरगी एकाच घरात वाढतात, तरी दोघं व्यसनाकडे वेगळ्या वाटेने जातात, आणि हा फरक कळल्याशिवाय आपलं समजावणं वाया जातं. पोरगा दोस्तांत सुरू करतो. "खाऊन पाय ना बे, भेतं का?" या एका वाक्यावर किती पोरांनी पहिला खर्रा तोंडात टाकला असेल. लग्नात वाजंत्र्यामागे नाचताना, दुर्गादेवीच्या मंडळात रात्रभर जागताना, ट्रॅक्टरवर कामाला गेल्यावर मोठी माणसंच त्याच्या हातावर ठेवतात. त्याला वाटतं, आता आपण मोठ्यांत जमा झालो. तेराव्या वर्षी खर्रा, सोळाव्या वर्षी त्याच दोस्तांसोबत बियर, आणि तालुक्याच्या गावी कॉलेजात गेल्यावर गांजा नाहीतर झोपेच्या गोळ्या, ज्यांना पोरं "बटन" म्हणतात. प्रत्येक पोरगा या वाटेने शेवटपर्यंत जात नाही. पण जो जातो, त्याचं पहिलं पाऊल बहुधा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेलं असतं.

पोरगी बहुतेक एकटी सुरू करते, आणि कशावर तरी उतारा म्हणून. दाढदुखी, भूक, पाळीतलं पोट दुखणं, रात्री झोप न लागणं, दारू पिऊन आलेल्या बापाची धास्ती, घरात मन मोकळं करायला कुणी नसणं. ज्या घरात बाप रोज पितो, तिथे पोरगा बाहेर निघून जातो, पारावर बसतो, दोस्तांकडे झोपतो. पोरगी कुठे जाणार? ती लहान भावंडांना घेऊन मागच्या खोलीत बसते. जे काही मिळतं ते तिला घरातच मिळतं. आजीची डबी, आईच्या डोकेदुखीच्या गोळ्या, आजोबांची झोपेची गोळी. ती मोठेपणा दाखवायला घेत नाही, सहन करायला घेते. म्हणून "वाईट संगत सोड" हा उपदेश तिच्या कामाचा नाही. तिला संगतच नसते.

शरीराचा हिशेबही दोघांचा वेगळा आहे. पुरुषाच्या मानाने बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असतं. त्यामुळे तेवढीच दारू प्यायली तरी तिच्या रक्तात ती जास्त चढते आणि यकृताला लवकर धक्का बसतो. पहिल्या घोटापासून दारू लागण्यापर्यंतचा काळही बायकांत कमी असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तंबाखूने भूक मरते, आणि आपल्याकडच्या पोरी आधीच रक्ताने कमी असतात. शिवाय तिचं लग्न लवकर होतं. मुंबईत गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक बाया मिश्रीच लावायच्या. त्यांची बाळं इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा धोका जवळपास दीडपट निघाला. दाताला लावलेली चिमूट अशी पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

तोंडाच्या बाबतीत मात्र पोरगा-पोरगी भेद नाही. सुपारी दोघांचंही तोंड सारखंच आवळते. पहिली खूण ताटातच दिसते. काल-परवापर्यंत ठेचा-भाकर चवीने खाणारं लेकरू अचानक तिखटाला नको म्हणतं, साधं वरणही झोंबतं म्हणतं. आपल्या भागात तिखट न खाणारं पोर निघालं तर कौतुक करू नका, आधी तोंड बघा. उजेडात बसवा. हाताची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालायला सांगा. तिन्ही सहज गेली तर ठीक. दोनच गेली, गालाचा आतला भाग पांढुरका आणि ताठ लागला, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरला दाखवा. आवळलेलं तोंड पुन्हा पूर्वीसारखं सैल होणं फार अवघड असतं, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर उद्भवू शकतो. सुपारी तिथेच थांबवली तर बरंच काही वाचतं. ही तपासणी घरातल्या सगळ्यांची करा, पोरीचीसुद्धा आणि आजीचीसुद्धा.

आता कठीण भागाकडे येतो. पोरगा सापडला तर बाप दोन थोबाडीत देतो, रात्रीच्या जेवणापर्यंत राग उतरतो. पोरगी सापडली तर काय होतं? "शिकून हेच दिवे लावले का?" म्हणून शाळा बंद. मोबाइल काढून घेतला जातो, बाहेर जाणं बंद होतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत पाहुणे येऊ लागतात. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. त्यातली किती लग्नं असल्या घाबरटपणातून झाली, ते ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक. पोरीला हा परिणाम आधीच माहीत असतो. म्हणून ती सांगत नाही, दात दुखला तरी लपवते, पोट दुखलं तरी लपवते, आणि जे सहा महिन्यांत सुटलं असतं ते सहा वर्षं मुरतं. आईबापांनो, तुमच्या धाकाने पोरगी तंबाखू सोडत नाही, फक्त तुमच्याशी बोलणं सोडते.

तेव्हा पहिली विनंती ही, की काहीही सापडलं तरी पोरीची शाळा थांबवायची नाही. हे सापडायच्या आधीच नवरा-बायकोने आपसांत ठरवून ठेवा. सापडल्यावर डोकं ठिकाणावर राहत नाही.

दुसरी विनंती बोलण्याबद्दल. पुडी हातात धरून, चार माणसांसमोर विचारू नका. आईने पोरीची वेणी घालताना, दोघी भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना विचारावं. डोळ्याला डोळा न भिडवता, हाताला काम असताना माणूस लवकर बोलतो. "कायले खातं तू?" असं दरडावलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मी नाही खात." त्याऐवजी "तुले कायचा त्रास होते, सांग ना मले" असं विचारून पाहा. दाढ दुखते म्हणाली तर दाढेचा इलाज करा. पाळीत पोट दुखतं म्हणाली तर डॉक्टरकडे न्या. आणि घरातलं, नात्यातलं, शाळेतलं कुणी छळतं असं म्हणाली, तर तंबाखूचा विषय त्या दिवशी बाजूला ठेवा आणि आधी तिच्या बाजूने उभे राहा. अशा वेळी १०९८ हा लेकरांसाठीचा मदतीचा फोन आहे, तो लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

पोराशी बोलायची रीत वेगळी. त्याच्याशी बापाने बोलावं, मामाने बोलावं, ज्याच्या शब्दाला तो मान देतो त्या मोठ्या भावाने बोलावं. कॅन्सरचे फोटो दाखवून चौदा वर्षांचा पोरगा घाबरत नाही. चाळीशीतल्या आजाराची त्याला फिकीर नसते. त्याला आजचं सांगा. कबड्डीत दम का लागतो, पोलीस भरतीच्या धावण्यात मागे का पडतो, तोंडाला वास का येतो. आणि दोस्ताला नाही कसं म्हणायचं, ते शिकवा. "माहा बाप तोंड तपासते रोज" असं सांगायला त्याला एखादं निमित्त हाताशी द्या. दोस्तांसमोर मान खाली न घालता सुटायची वाट मिळाली, की पुष्कळ पोरं ती धरतात. एक सवय आजपासून मोडा. पोराच्या हातात पैसे देऊन "जा, खर्रा घेऊन ये" असं कधी म्हणू नका. ज्या पोराने तुमच्यासाठी रोज पन्नी आणली, त्याने एक दिवस ती उघडून पाहिली तर दोष कुणाचा?

बापांना आणखी एक सांगायचं आहे, आणि ते रागावले तरी चालेल. तुमच्या खिशात पुडी असताना तुमच्या बोलण्याला वजन येणार नाही. आधी सोडून मग समजवा, असं मी म्हणत नाही, तेवढा वेळ नाही. सोबत सोडा. "मी बी सोडतो, तू बी सोड, पाहू कोण टिकते" असं म्हणणारा बाप मिळाला तर पोरगा कुठल्याही केंद्रात गेला नाही तरी सुटू शकतो. तेच आईचं आणि मिश्रीच्या डबीचं. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता पंगतीला गोडाचं जेवण घातलं होतं. लोकांना त्यांनी उपदेश पुढे आयुष्यभर केला, पण सुरुवात स्वतःच्या घरच्या कार्यापासून केली होती. बाबा आपल्याच विदर्भातले.

तंबाखू सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, डोकं धरतं, झोप मोडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. या दिवसांत लेकरू उलट बोललं तर भांडू नका. तलफ उठते ती पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी पिणं, बाहेर चक्कर मारणं, तोंडात बडीशेप, फुटाणे किंवा खोबऱ्याचा तुकडा ठेवणं एवढ्याने निभतं. सुपारी मात्र पर्याय म्हणून देऊ नका. दोन-चार आठवड्यांत बराच भार हलका होतो. मधे एकदा चुकून खाल्लं म्हणजे सगळं फुकट गेलं असं नसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका. त्यात झटके येऊ शकतात, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबवावं लागतं.

शाळेतल्या गुरुजी-बाईंना सांगायचं ते असं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि अठरा वर्षांखालच्याला कुठेही विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. त्या हद्दीची पिवळी रेघ रस्त्यावर खरोखर मारा. तंबाखूमुक्त शाळेचा फलक लावून फोटो पाठवला की काम झालं, असं होत नाही. वर्षातून दोनदा मुलींशी वेगळं बोला, बाईंनी बोलावं, मुलगे आणि गुरुजी बाहेर असताना. नावं लिहून न घेता चिठ्ठ्या टाकायला सांगा. मिश्री, नस, गोड सुपारी, गोळ्या हे शब्द घेऊन विचारा. "व्यसन करता का?" असं विचारलं तर सगळ्या नाही म्हणतील, कारण मिश्रीला त्या व्यसन समजतच नाहीत. पांढरकवडा आणि पुसद आदिवासी प्रकल्पांतल्या आश्रमशाळांमध्ये तर पोरी वर्षातले दहा महिने आईपासून लांब राहतात. तिथल्या अधीक्षिकेने संध्याकाळी पाच मिनिटं जवळ बसून विचारलं, तर जे घरी कळत नाही ते तिला कळू शकतं. झरी-मारेगावच्या पोडांवर आणि पुसद-महागावच्या तांड्यांवर आशाताई जातात, त्यांनीही गरोदर बाईला आणि किशोरीला मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारावं.

पानठेलेवाल्या भाऊंनाही सांगणं आहे. तुमचं पोट त्यावर आहे, हे मला ठाऊक आहे. पण अल्पवयीन लेकराला तंबाखू किंवा दारू देणं हा बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. "बाबांसाठी पाहिजे" म्हणून पोर आलं तरी कायदा बदलत नाही. शाळेच्या गणवेशातलं लेकरू समोर आलं, की घोटणारा हात थांबवा. एवढं एक जरी गावातल्या सगळ्या ठेल्यांनी पाळलं, तर पोरांचं सुरू होण्याचं वय पुढे जाईल.

या जिल्ह्यातल्या बायांना व्यसनाशी लढायला कुणी शिकवायची गरज नाही. शेजारच्या वर्ध्यात आणि पलीकडच्या गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. यवतमाळातही ती व्हावी म्हणून 'स्वामिनी'च्या झेंड्याखाली गावोगावच्या बाया रस्त्यावर उतरल्या, मोर्चे काढले. दारूच्या दुकानाविरुद्ध बायांचं मतदान घेऊन बाटली आडवी करायचा हक्कही महाराष्ट्रात त्यांना आहे. याच बायांना माझी हात जोडून विनंती आहे. बचतगटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं मिश्रीवर बोला. नवऱ्याच्या बाटलीवर आपण बोललो, पोराच्या खर्ऱ्यावर बोललो. आता आपल्या डबीवर आणि लेकीच्या दातांवर बोलू. गटातल्या चौघींनी मिळून सोडली तर एकटीने सोडण्यापेक्षा सोपं जातं.

मदत कुठे मिळते, तेही ध्यानात ठेवा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' केंद्रं असतात, तिथे समुपदेशकाशी एकट्याने बोलता येतं. यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पोरीला बाह्यरुग्ण विभागात दाखवलं तर भरती करावं लागेलच असं नाही, सोबत आई किंवा मावशी असली की पुरे. कोंडून ठेवून मारझोड करणाऱ्या कुठल्याही ठिकाणी लेकराला टाकू नका, मग ते कितीही खात्री देवोत. गावातून निघणं जमत नसेल तर फोन आहेत. मनाच्या त्रासासाठी टेली मानस, १४४१६, दिवसरात्र. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. दारू आणि इतर नशेसाठी १४४४६. तिन्ही फुकट आहेत, नाव सांगायची सक्ती नाही, आणि पहिला फोन लेकराने करावा असंही नाही. आईने केला, बापाने केला, वर्गशिक्षिकेने केला तरी चालतो. हे नंबर आज घरातल्या मोबाइलमध्ये साठवा, आणि आजच पोराच्या सोबत पोरीचंही तोंड उजेडात बघा.